पाण्याला विचारून केलेली सही

फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लगद्यात होते. वापीच्या बाजूला कागदाची एक गिरणी आहे. आमच्या कारखान्यात लेबलांसाठी जो डिंक बनतो, तो तिथल्या टाकीत नीट विरतो की नाही हे पाहायला आम्ही अधूनमधून तिथे जातो. रद्दीत आलेले पुठ्ठ्याचे खोके त्या टाकीत पाण्याबरोबर घुसळले जातात, त्यांचा लगदा होतो आणि लगद्याचा पुन्हा कागद. टाकीतून बादलीभर लगदा काढून आधी हाताने चाचपायचा, ही राऊत मॅडमची शिकवण. "यंत्र नंतर सांगेल, बोटं आधी सांगतात," असं त्या म्हणत. मी चाचपत होते आणि पर्समधला फोन थांबायला तयार नव्हता. शेवटी गिरणीतल्या एका बाईंनी तो काढून माझ्या कानाला लावला. पलीकडे मॅडमचे भाऊ, मधुभाऊ होते. "अर्चना, विजू गेली," एवढंच म्हणाले. मागे वाडीतला पंप चालू असल्याचा आवाज येत होता... "अरे, कोणीतरी तो पंप बंद करा रे," असं ते दुसऱ्याच कोणाला तरी म्हणाले आणि फोन बंद झाला. बादलीतल्या लगद्यात आमच्या डिंकाची एकही गाठ मला सापडली नव्हती. संध्याकाळी मॅडमना हेच सांगायचं मी ठरवलं होतं.

त्याला आता महिना होऊन गेला. सकाळी फुलं काढून त्या ओट्यावर टेकल्या आणि तिथून उठल्याच नाहीत, असं नंतर कळलं. निवृत्त होऊन त्यांना फार काळ झाला नव्हता, आणि निवृत्त म्हणायचं ते तरी नावापुरतंच; आठवड्यातून एकदा तरी त्यांची स्कूटर कारखान्याच्या दारात दिसायचीच. विजया राऊत हे नाव या पुरवणीच्या वाचकांपैकी फार कोणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पण तुमच्या घरी कुरिअरने खोका आला असेल, तुम्ही तो भंगारवाल्याला दिला असेल, आणि त्या पुठ्ठ्याची पुढे वही किंवा दुसरा खोका झाला असेल, तर मॅडमनी ज्या प्रश्नात आयुष्याची वीसेक वर्षं घातली तो प्रश्न तुमच्या हातांतून गेला आहे. खोक्यावरच्या लेबलाचा डिंक पाण्यात विरत नाही. टाकीत त्याच्या बारीक चिकट गाठी होतात. त्या जाळीला चिकटतात, रुळांना चिकटतात, कागदावर डाग पाडतात, कधीकधी धावता कागदच तोडतात. मग गिरणी तो पुठ्ठा नाकारते आणि चांगला कागद कचऱ्यात जातो. चिकटेल तर घट्ट, पण गिरणीच्या टाकीत गेल्यावर निमूट सोडून देईल असा डिंक मॅडमना हवा होता. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

मी करमाळ्याची. वडील टेम्पो चालवत. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा पुढे काय करायचं हे सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून नालासोपाऱ्याला मावशीकडे आले आणि वसई पूर्वेच्या कारखान्यांमध्ये अर्ज देत फिरू लागले. दोन ठिकाणी मुलाखत इंग्रजीत झाली आणि माझी वाचाच बसली. तिसरं ठिकाण म्हणजे मॅडमची प्रयोगशाळा. फिकट करड्या रंगाची साडी, त्यावर डागाळलेला पांढरा कोट, केसात सोनचाफ्याचं फूल. त्यांनी माझी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि विचारलं, "खळ करता येते का?" मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्या थांबल्या होत्या. मग मी सांगितलं, की मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग उकळत्या पाण्यात सोडायचा, सतत हलवायचं, आणि झुरळं लागू नयेत म्हणून किंचित मोरचूद. "गुठळ्या झाल्या तर?" "गाळून घ्यायच्या." "आणि गाळून वर राहिलं त्याचं काय?" टाकून देतो, असं म्हणाले. त्या हसल्या. "आमच्याकडे कामाला लागलीस की वर राहिलेलंच बघायचंय तुला. खाली गेलेल्याचं कौतुक करायला शेठ आहेत." अशी माझी नेमणूक झाली. शिकलेल्या माणसांच्या जगात मला कोणीतरी माझ्याच भाषेत, माझ्या घरातलं काहीतरी विचारलं होतं. ते ऋण मी अजून वागवते आहे.

मॅडमचं घर गिरीजला, केळी-नारळाच्या वाडीत. लग्न केलं नाही. भाऊ-वहिनी आणि त्या, एकत्र. बहीणभाऊ आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलू लागले की मला निम्मं कळायचं नाही, आणि ते निम्मं बहुधा भांडण असायचं. नाताळ आला की शेजारच्या सांडोरची मुलं कागदी ताऱ्यांसाठी त्यांच्याकडे खळ मागायला यायची, आणि दिवाळीत आकाशकंदिलांसाठी आमच्या कारखान्यातले निम्मे लोक. खळीवर त्यांचा जीव होता. त्यांचा पहिला डिंकही पिठाचाच होता. स्टार्च आणि थोडी साखर घातलेला. तो पाण्यात सुरेख विरायचा, म्हणून त्याची लेबलं लावलेले खोके गोदामात ठेवले. दुसऱ्या दिवशी आमचे मालक जयंतशेठ पाहायला आले तर खोके होते आणि लेबलं अर्धीमुर्धी. त्यांच्यावरून मुंग्यांची रांग भिंतीपर्यंत गेलेली. "मॅडम, ये क्या हुआ? लेबल गेलं कुठे?" मॅडमनी शांतपणे रांगेकडे बोट दाखवलं. "रीसायकल झालं, शेठ." शेठ आधी चिडले आणि मग तिथेच खोक्यावर बसून हसले. हे माझ्या आधीचं, पण मी ते इतक्यांदा ऐकलंय की त्या मुंग्या मी पाहिल्यासारख्या वाटतात.

मी कामाला लागले तेव्हा पिठाचा नाद सुटून नव्या डिंकावर काम चाललं होतं. तपासायची रीत अशी. लेबलं लावलेला पुठ्ठा फाडून कोमट पाण्यात भिजवायचा, मोठ्या मिक्सरमध्ये फिरवायचा, तो लगदा गोल जाळीवर ओतायचा, पाणी खाली निथळलं की वर कागदाचा गोल पातळ थर राहतो, तो टिपकागदात दाबून वाळवायचा. त्या गोल कागदाला आमच्याकडे सगळे पापडच म्हणत. "आज किती पापड घातले?" "दोन जळले, एक शेठनी वाकडा केला." वाळलेला पापड उजेडासमोर धरला की सगळं दिसतं. डिंक राहिला असेल तर तिथे तेलकट ठिपका उजळतो. ठिपके असलेला पापड मॅडम कधी फेकू देत नसत. स्वच्छ आलेल्याकडे मात्र त्या संशयाने बघत आणि म्हणत, "हा का बरा आला, ते शोध." चांगल्या निकालाचंही कारण द्यावं लागतं, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. माझी चाळणी नीट धुतली गेली नसेल तर त्या एक शब्द न बोलता ती पुन्हा माझ्या हातात देत. रागीट होत्याच. पण दुपारी डबा उघडताना आपल्या वाडीतल्या आळूचं फदफदं आधी माझ्या ताटलीत वाढत.

आता पाण्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या औद्योगिक वसाहतीत पाणी टँकरचं. आज गढूळ, उद्या मचूळ, परवा क्लोरिनचा भपकारा. अशा पाण्यात केलेल्या चाचण्या एकमेकींशी कशा ताडून पाहणार? मॅडमचं म्हणणं, पाणी रोज तेच हवं. मग डिस्टिल्ड वॉटर का नको, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "गिरणीत कोण डिस्टिल्ड वॉटर वापरतं? खरं पाणी पाहिजे." आणि खरं पाणी म्हणजे त्यांच्या वाडीतल्या विहिरीचं. स्कूटरच्या पायाशी दोन कॅन ठेवून त्या गिरीजहून पूल ओलांडून रोज येत. मधुभाऊ चिडवायचे, "आमच्या केळींना पाणी कमी नि तुमच्या डिंकाला जास्त!" यावर मॅडमचं उत्तर ठरलेलं: "असं गोड पाणी पंचक्रोशीत दाखव, उद्यापासून तिथून नेते." त्या विहिरीचा त्यांना अभिमान होता. आजोबांनी खणलेली, समुद्र इतका जवळ असून कधी खारट न झालेली. प्रयोगशाळेत पाहुणा आला तर त्याला चहाआधी ते पाणी मिळायचं.

त्या पाण्यात नवा डिंक उत्तम उतरला. पापडामागून पापड स्वच्छ. पावसाळ्यात लेबल टिकलं, मिक्सरमध्ये विरलं. गिरणीने मोठ्या चाचणीला वेळ दिला नाही, म्हणून आमच्याच चाचण्यांवर शेठनी एका मोठ्या ग्राहकाशी बोलणी केली. हा डिंक लावलेला कागद पुन्हा वापरता येतो, असं पत्र मॅडमनी सही करून दिलं. त्या दिवशी त्यांनी घरची सुकेळी वाटली. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ही उन्हात वाळवलेली राजेळी केळी. मधासारखी गोड आणि हाताला चांगलीच चिकटणारी. शेठ बोटं चाटत म्हणाले, "मॅडम, हाच डिंक का नाही लावत?" सगळे खूश होतो. मॅडम तर इतक्या, की त्या दिवशी त्यांनी माझ्या धुतलेल्या चाळणीकडे पाहिलंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ठिपके आले.

तोच डिंक, तोच पुठ्ठा, तीच रीत, आणि पापडावर बारीक उजळ ठिपके. मॅडमनी आधी माझी चाळणी पाहिली, मग मिक्सर, मग कच्च्या मालाची नवी पिंपं. जुन्या पिंपातला डिंक काढून केला, ठिपके. दुसरीकडचा पुठ्ठा आणला, ठिपके. स्वतःच्या हाताने पहिल्यापासून सगळं केलं, तरी ठिपके. शेवटी मी भीत भीत म्हटलं, एकदा डिस्टिल्ड वॉटरमध्ये करून बघू का. त्यांनी होकारार्थी मान हलवली. तो पापड वाळला आणि उजेडासमोर धरला... दुधासारखा स्वच्छ. आम्ही दोघींनी जमिनीवरच्या कॅनकडे पाहिलं. मॅडमनी पेला भरून पाणी प्यायलं, सावकाश, जिभेवर घोळवून. "गोडच आहे," म्हणाल्या. मला दिलं. मी बोअरच्या पाण्यावर वाढलेली. मला तर ते सरबतच लागायचं. मग त्यांनी क्षार मोजायची साधी परीक्षा मांडली. पाण्यात रंग टाकला की ते लाल होतं, वरून नळीतलं द्रावण थेंबथेंब सोडत गेलं की निळं. पाण्यात क्षार जितके जास्त, तितके थेंब जास्त लागतात. पूर्वी कधी ही परीक्षा केली तेव्हा थोडक्या थेंबांत निळं व्हायचं. या वेळी थेंब पडत राहिले, आणि पाणी लालच. नळी रिकामी होत आली तरी लालच. मॅडम स्टुलावर बसल्या. "विहीर बिघडली गं," म्हणाल्या. इतक्या हळू, की मला वाटलं मला ऐकवायचंच नव्हतं.

दोन गोष्टी त्यांना एकाच वेळी कळल्या होत्या. एक घरची. दुसरी अशी, की क्षारांच्या पाण्यात साबणाला जसा फेस येत नाही, तो फुटून त्याचा नुसता साका होतो, तसंच आमच्या डिंकाचं होत होतं. गोड पाण्यात तो विरे, क्षार भेटले की पुन्हा गोळा होई. आणि गिरण्यांचं पाणी तर आमच्यापेक्षा कितीतरी वाईट, कारण तेच पाणी त्या फिरवून फिरवून वापरतात. म्हणजे ते पत्र खोटं ठरत होतं. आणि ते खोटं ठरलंय हे त्या घडीला आम्हा दोघींखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं. गिरणीची तक्रार नव्हती. हजार प्रकारच्या लेबलांच्या गर्दीत आमच्या डिंकाच्या गाठी कोण ओळखणार? मॅडमनी कोट काढला, केस नीट केले आणि त्या शेठच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. पत्र मागे घ्यायचंय, असं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. शेठ आधी समजावत राहिले. "मॅडम, ऐका ना. कोणी बोललंय का? दुनिया काय काय लावते, त्यांना कोण विचारतो?" मॅडम म्हणाल्या, "विचारत नाही म्हणूनच सांगावं लागतंय, शेठ." "अहो, चूक तुमची कुठे? पाणी बदललं." त्यावर मॅडम म्हणाल्या, "पाणी बदललं म्हणून चूक कळली. चूक माझी आधीचीच आहे. जगात एकच पाणी असल्यासारखी मी तपासत बसले. माझ्या घरचं." शेठ म्हणाले, "ग्राहक जाईल." मॅडम म्हणाल्या, "जाईल." एवढंच.

ग्राहक गेला. शेठनी त्याबद्दल त्यांना कधी टोमणा मारला नाही, हे मला इथे आवर्जून नोंदवायचंय. पण त्या वर्षी कारखान्यात हसणं कमी झालं. मॅडम तर एकदम वयस्क दिसू लागल्या. डिंकातला क्षारांना धरून बसणारा भाग बदलायला घेतला, तर पावसाळ्याच्या दमट हवेत लेबलं आपोआप सुटू लागली. ती घट्ट करावीत तर टाकीत विरेनात. एका पावसाळ्यात वाडीतल्या पंपाच्या खोलीत दोरीवर वाळत घातल्यासारखे खोक्यांचे तुकडे टांगलेले असायचे, आणि मॅडम रोज सकाळी देवपूजेआधी कुठली लेबलं गळाली ते पाहून यायच्या. या वेळी पाणी मात्र एक नव्हतं. त्यांनी फर्मानच काढलं, की गावी जाणाऱ्याने येताना पाणी आणायचं. कोणी मिठागराजवळच्या कूपनलिकेचं आणलं, कोणी टँकरचं, वापीच्या गिरणीने त्यांचं फिरून फिरून तपकिरी झालेलं पाणी पाठवलं. मी वडिलांना फोन केला. ते एसटीने करमाळ्याहून आमच्या बोअरच्या पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन आले. सगळ्या वाटेत लोक विचारत होते म्हणे, की आजोबा, मुंबईकडे पाणी मिळत नाही का हो? मॅडमनी त्या पाण्याची परीक्षा केली आणि हात जोडून वडिलांना म्हणाल्या, "आप्पा, फार उपकार झाले. इतकं वाईट पाणी आम्हाला कुठेच मिळालं नव्हतं!" वडिलांना आधी कळेना, की रागवावं की काय. मग ते खुलले. "मग पुन्हा आणू का? आमच्याकडं भरपूर हाय." गावाकडे ते अजून सांगतात, की पोरीच्या कारखान्यात आमच्या बोअरला मान आहे.

घरचं प्रकरण अवघड होतं. केळीत काही राहत नाही म्हणून मधुभाऊ काही वर्षांपासून उन्हाळ्यात विहिरीवर टँकर भरू देत होते. वाडीवाडीतून हेच चाललं होतं. गोडं पाणी उपसलं की खालून समुद्र आत येतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण आपल्या विहिरीचं असं होईल हे त्यांना पटत नव्हतं. मॅडमनी आकडे सांगितले तर म्हणाले, "माझ्या जिभेला कळत नाही आणि तुझ्या नळीला कळतं?" मी तेव्हा तिथेच जेवायला बसले होते. मॅडमनी वाद घातला नाही. पर्समधून दोन पापड काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवले; पहिला दोन वर्षांपूर्वीचा, दुसरा त्या आठवड्यातला. मधुभाऊंनी खरकटा हात बाजूला धरून डाव्या हाताने ते एकेक करून खिडकीकडे धरले. पहिला पाहिला. दुसरा पाहिला. पुन्हा पहिला. "हे ठिपके... आपल्याच पाण्याचे?" मॅडम म्हणाल्या, "डिंकाचेच आहेत. पण ते उघडे पाडले आपल्या पाण्याने." जेवण तसंच अर्धवट ठेवून ते उठले. वहिनींनी मॅडमकडे रागाने पाहिलं. टँकर लगेच बंद झाला असं नाही. त्या उन्हाळ्यात दोघांत कित्येक दिवस अबोला होता. पण पुढच्या वर्षी टँकर आला तेव्हा मधुभाऊंनी फाटक उघडलं नाही.

आणि एक दिवस नवा डिंक जमला. कुठल्या क्षणी ते सांगता येत नाही, कारण मॅडमनी तसा क्षण येऊच दिला नाही. सगळ्या पाण्यांतले पापड स्वच्छ आले तरी त्या म्हणाल्या, पुन्हा करा. पाऊस होऊन गेला, लेबलं टिकली, तरी पुन्हा करा. शेवटी वापीच्या गिरणीने एक पूर्ण टाकी आमच्या लेबलांच्या खोक्यांना दिली. कागद रुळावरून न तुटता धावत राहिला आणि गिरणीचे लोक आमच्याकडे पाहून हसले, तेव्हाही मॅडम खाली वाकून जाळी चाचपत होत्या. नवं पत्र लिहिताना त्यांनी त्यात कुठल्या कुठल्या पाण्यात तपासलं ते सगळं लिहिलं, अगदी करमाळ्याचं बोअरसुद्धा. शेठ म्हणाले, एवढं कोण वाचणार? "न वाचणाऱ्यांसाठीच लिहायचं असतं," असं म्हणून त्यांनी सही केली. जुना ग्राहक काही परत आला नाही. दुसरे आले. सुकेळी या वेळी त्यांनी वाटली नाहीत. मी आठवण केली तर म्हणाल्या, "तेव्हा वाटली ती काय कमी महागात पडली?" आणि मग स्वतःच खो खो हसल्या. कितीतरी दिवसांनी.

नव्या डिंकाने एक अडचण मात्र केली. तो कुठल्याही पाण्यात विरतो, त्यामुळे पाणी चांगलं की वाईट, हे त्याचा पापड सांगत नाही. मधुभाऊंना विहिरीचं दरवर्षी जाणून घ्यायचं असे, आणि आकड्यांवर त्यांचा विश्वास आजही नाही. म्हणून मॅडम तो फसलेला जुना डिंक अजून बनवत. दरवर्षी पाऊस सरला, विहीर भरून शांत झाली, की वाटीभर. बाजारात न्यायला नाही, कोणाला दाखवायला नाही. फक्त त्या एका विहिरीसाठी. निवृत्तीनंतरही त्या कामाला त्या न चुकता येत, आणि बाटलीवर स्वतःच्या अक्षरात लिहीत: 'नापास. जपून ठेवणे.'

या वर्षी दिवाळीनंतर मॅडम गेल्या, तेव्हा वाटीभर डिंक अजून व्हायचा होता. तेरावं झाल्यावर थोड्या दिवसांनी मधुभाऊ प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. हातात कॅन. आत यावं की नाही अशा संकोचात. "ती दरवर्षी बघायची..." एवढंच म्हणाले. मी त्यांना स्टूल दिलं आणि कामाला लागले. जुना डिंक मी याआधी एकटीने कधी बनवला नव्हता, मॅडम शेजारी असायच्याच. मुद्दाम फसणारी वस्तू नीट बनवायला किती लक्ष लागतं हे त्या दिवशी कळलं. थोडं इकडेतिकडे झालं तर पापड खोटं बोलेल. विहीर सुधारली नसताना सुधारली असं सांगेल, किंवा उलट. लेबल लावलं, पुठ्ठा फाडला, लगदा केला, थर दाबला, वाळवला. तोवर मधुभाऊ हलले नाहीत. चहा तसाच गार झाला.

पापड मी त्यांच्याच हातात दिला. ते उठून खिडकीपाशी गेले आणि उजेडासमोर धरून बराच वेळ पाहत राहिले. मीही त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. मागच्या वर्षीपेक्षा बराच निवळलेला होता. काठाकडचा भाग जवळजवळ स्वच्छ. मध्ये अजून बारीक ठिपके होते. मला त्या माणसाला त्या दिवशी काहीतरी चांगलं सांगायचं होतं.

"भाऊ, पुष्कळ कमी झालेत," मी म्हटलं.

ते खिडकीकडेच पाहत होते. "विजूने काय सांगितलं असतं?"

मी पुन्हा एकदा पाहिलं.

"आहेत, म्हणाल्या असत्या."

त्यांनी मान हलवली, कागद खिशातल्या रुमालात घडी पडणार नाही असा नीट गुंडाळला आणि कॅन उचलला. "मग पुढच्या वर्षी येतो," म्हणाले. मी बाटली पुसून लेबल लावलं आणि त्यावर लिहिलं, नापास, जपून ठेवणे. अक्षर माझं होतं. पण लिहिताना मी ज्या ठिकाणी उभी होते, तिथून जरा बाजूला सरकून उभी राहिले... शेजारी जागा लागते, अशी सवय आहे.